फायबर लेझरमधील प्रकाशजन्य शक्तिक्षय : कारणे, परिणाम आणि उपाय



पोलादाचा जाड पत्रा सफाईने कापणारे, मोटारींच्या सांगाड्याचे सांधे जोडणारे आणि यंत्रांच्या सुट्या भागांवर क्रमांक कोरणारे लेझर आज देशातील लहानमोठ्या कारखान्यांत दिसू लागले आहेत. पुणे, चेन्नई, गुरुग्राम यांसारख्या वाहन उद्योगाच्या केंद्रांत ही यंत्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. धातूवर काम करणाऱ्या अशा बहुतेक आधुनिक यंत्रांमध्ये फायबर लेझर वापरला जातो. शस्त्रक्रिया, दूरसंचार, संरक्षण आणि मूलभूत संशोधन या क्षेत्रांतही त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

या लेझरच्या वाटचालीत एक विचित्र अडचण उभी राहिली. नवा असताना पूर्ण शक्तीने चालणारा लेझर काही शे किंवा काही हजार तासांच्या वापरानंतर तेवढ्याच विजेवर कमी प्रकाश देऊ लागे. तपासणी केली असता डायोड शाबूत, सांधे व्यवस्थित आणि आरसे स्वच्छ आढळत. दोष असे तो तंतूच्या काचेत. ज्या प्रकाशावर लेझर चालतो, त्याच प्रकाशाने तंतूचा गाभा आतून काळवंडलेला असे. कुंपणानेच शेत खावे, असा हा प्रकार होता. शास्त्रीय परिभाषेत याला फोटोडार्कनिंग, म्हणजेच प्रकाशजन्य काळवंडणे, असे म्हणतात. हे का घडते, ते कसे रोखता येते आणि भारतासारख्या देशाने त्यापासून कोणता बोध घ्यावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

फायबर लेझरची रचना

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर सिद्ध केला. त्याच वर्षी मूळचे पंजाबमधील मोगा येथील शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांच्या लेखामुळे ‘फायबर ऑप्टिक्स’ ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. काचेच्या तंतूलाच लेझर बनविण्याची कल्पना एलियास स्निट्झर यांनी १९६१ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये चार्ल्स केस्टर यांच्यासह निओडिमियमयुक्त काचतंतूतून प्रकाशाचे वर्धन करून दाखविले. तंतूला दुहेरी आवरण देण्याची युक्ती १९८८ मध्ये पुढे आली आणि मोठ्या शक्तीच्या फायबर लेझरचा मार्ग खुला झाला.

आजच्या औद्योगिक फायबर लेझरचा तंतू तीन स्तरांचा असतो. मध्यभागी अतिशय बारीक गाभा असतो. एका प्रचलित प्रकारात त्याचा व्यास २० मायक्रोमीटर असतो. सिलिकाच्या या गाभ्यात यिटर्बियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचे आयन मिसळलेले असतात. गाभ्याभोवती सुमारे ४०० मायक्रोमीटर व्यासाचे काचेचे आवरण आणि त्याबाहेर बहुवारिकाचा, म्हणजेच पॉलिमरचा, लेप असतो. अर्धवाहक डायोडमधून निघालेला ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आतील आवरणात सोडला जातो. त्याला पंप प्रकाश म्हणतात. तो तंतूतून पुढे जाताना पुनःपुन्हा गाभा ओलांडतो आणि यिटर्बियमचे आयन तो शोषून घेतात.

प्रकाश शोषलेला आयन उत्तेजित अवस्थेत जातो व तेथे सुमारे १ मिलिसेकंद राहतो. त्या अवधीत १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जवळून गेला, तर आयन आपली ऊर्जा त्याच तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने त्याला देऊन टाकतो. हेच उद्दीपित उत्सर्जन होय. अनेक डायोडांचा विस्कळीत प्रकाश अशा रीतीने एका बारीक व सुसंगत झोतात रूपांतरित होतो. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये अशा एका तंतूतून १.३६ किलोवॅट इतकी शक्ती मिळविली. २००९ मध्ये उद्योगक्षेत्राने एका तंतूतून १० किलोवॅटचा टप्पा गाठला.

या यशाचे रहस्य कार्यक्षमतेत आहे. ९७६ नॅनोमीटरचा एक प्रकाशकण शोषला जाऊन १०७० नॅनोमीटरचा एक कण बाहेर पडतो, तेव्हा जवळजवळ ९१ टक्के ऊर्जा प्रकाशरूपात टिकते. केवळ ९ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते. तंतू लांब व बारीक असल्याने ती उष्णताही सहज निघून जाते. हा हिशेब अर्थातच गाभ्याची काच स्वच्छ व पारदर्शक आहे, असे गृहीत धरून मांडलेला आहे.

काच काळवंडते म्हणजे काय ?

प्रकाशाने काचेचा रंग बदलणे ही गोष्ट नवी नाही. उन्हात गडद होणाऱ्या चष्म्याच्या काचा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. मँगनीज मिसळलेली जुनी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास जांभळट होते, हेही दीर्घकाळ ज्ञात आहे. तीव्र किरणोत्सर्गात साधी काच तपकिरी होते. या घटनांचे तपशील भिन्न असले, तरी त्यांत एक समान धागा आहे. प्रकाशाच्या किंवा किरणांच्या ऊर्जेने काचेतील इलेक्ट्रॉनांची जागा बदलते आणि काच पूर्वी जो प्रकाश जाऊ देत होती, तो ती शोषू लागते.

काचेतील सिलिकॉन व ऑक्सिजन अणूंचे जाळे स्फटिकासारखे सुव्यवस्थित नसते. त्यात काही बंध तुटके, तर काही ठिकाणी ऑक्सिजनची उणीव असते. पुरेशी ऊर्जा मिळाल्यास एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून अशा एखाद्या दोषस्थानी अडकतो. त्याच्या मूळ जागी धन प्रभाराची रिकामी जागा उरते व तीही कोठेतरी स्थिरावते. अशा ठिकाणांना रंगकेंद्रे म्हणतात.

यिटर्बियमयुक्त तंतूतील रंगकेंद्रे मुख्यतः अतिनील व दृश्य प्रकाश शोषतात. म्हणूनच काळवंडलेला गाभा तपासताना ६३३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश तंतूतून सोडून त्यात होणारी घट मोजण्याची पद्धत रूढ झाली. या शोषणाचा पट्टा रुंद असतो आणि त्याचे क्षीण शेपूट १ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे थेट लेझरच्या तरंगलांबीपर्यंत पोहोचते. तेथे शोषण दृश्य प्रकाशाच्या तुलनेने फारच कमी असते. परंतु तंतू अनेक मीटर लांब असल्याने हे अल्प शोषणही उपद्रवी ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. काळवंडलेला तंतू दर मीटरला १ टक्का प्रकाश शोषतो, असे समजू या. एका मीटरच्या तुकड्यात ही घट जाणवणारही नाही. मात्र १० मीटर अंतर पार करणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ९.६ टक्के भाग वाटेतच नाहीसा होईल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. काळवंडणे अमर्याद वाढत नाही. सुरुवातीस ते वेगाने होते, पुढे मंदावते आणि अखेर एका पातळीवर स्थिरावते. कारण तोच प्रकाश काही रंगकेंद्रे निर्माण करतो आणि काही नष्टही करतो. अंतिम पातळी या दोन क्रियांच्या समतोलावर ठरते.

घट थोडी, उष्णता फार

शक्ती पाच टक्क्यांनी घटली तर बिघडले कोठे, डायोडचा प्रवाह थोडा वाढविला की झाले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर उष्णतेच्या हिशेबात दडलेले आहे.

तंतूने १०० वॅट पंप प्रकाश शोषला, तर आदर्श स्थितीत ९१ वॅट लेझर प्रकाश आणि ९ वॅट उष्णता मिळते. आता काळवंडलेल्या काचेने त्या ९१ वॅटपैकी ५ वॅट गिळले असे समजू या. प्रकाश ८६ वॅट उरला, म्हणजे घट सुमारे साडेपाच टक्क्यांची. उष्णता मात्र ९ वॅटवरून १४ वॅटवर गेली, म्हणजे ती निम्म्याहून अधिक वाढली. प्रवाह वाढवून शक्ती भरून काढण्याचा प्रयत्न केल्यास उष्णता आणखी वाढते. गाभा तापतो, लेपावर ताण येतो आणि सांध्यांचे आयुष्य घटते.

मोठ्या शक्तीच्या लेझरमध्ये याहून गंभीर परिणाम दिसतो. उत्तम फायबर लेझरचा झोत एकसंध असतो व तो अतिशय लहान बिंदूवर केंद्रित करता येतो. शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की गाभ्यातील उष्णतेच्या असमान वाटपामुळे हा झोत एकाएकी डळमळू लागतो व त्याचा आकार सेकंदाला शेकडो-हजारो वेळा बदलतो. २०१० नंतरच्या काळात या अस्थैर्याचा सखोल अभ्यास झाला. जर्मनीतील येना येथील संशोधकांनी दाखवून दिले की, मोजमापात किरकोळ भासणारे काळवंडणेही या अस्थैर्याची मर्यादा लक्षणीयरीत्या खाली आणते. परिणामी नवा असताना स्थिर झोत देणारा लेझर काही काळाने त्याच शक्तीला अस्थिर होऊ शकतो. एकूण शक्ती फारशी घटलेली नसतानाही तो कामाचा राहत नाही.

कारणमीमांसा

येथे एक मूलभूत कोडे उभे राहते. काचेतील इलेक्ट्रॉन विस्थापित करण्यास अतिनील प्रकाशाएवढी ऊर्जा लागते. यिटर्बियमच्या आयनाकडे शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन सरकण्यासाठी सुमारे ५.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २३० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशकणाएवढी, ऊर्जा आवश्यक असते. ९७६ नॅनोमीटरच्या पंप प्रकाशाच्या एका कणात मात्र जेमतेम १.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. मग उरलेली ऊर्जा येते कोठून ?

उत्तराचा पहिला धागा प्रयोगांतून मिळाला. काळवंडण्याचा वेग पंप प्रकाशाच्या तीव्रतेवर सरळ अवलंबून नसून, कोणत्याही क्षणी उत्तेजित अवस्थेत असलेल्या आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आणि हे अवलंबन अतिशय तीव्र असते. वेगवेगळ्या गटांनी केलेल्या प्रयोगांत हा वेग त्या प्रमाणाच्या चौथ्या ते सातव्या घाताच्या आसपास वाढताना आढळला. उत्तेजित आयनांचे प्रमाण दुप्पट झाले, तर काळवंडण्याचा वेग घातांक चार धरल्यास १६ पट आणि सात धरल्यास १२८ पट होतो. यावरून एकाच घटनेत अनेक आयनांची ऊर्जा एकत्र येत असावी, असा निष्कर्ष निघतो.

आयन एकत्र येण्यासाठी ते परस्परांच्या निकट हवेत. शुद्ध सिलिकाचे जाळे घट्ट असल्याने त्यात यिटर्बियमचे आयन सहजासहजी सामावत नाहीत. ते पुंजके करून राहतात. पुंजक्यातील शेजारी आयन आपली ऊर्जा एकत्र करू शकतात, याचा पुरावा डोळ्यांनाही दिसतो. अदृश्य अवरक्त प्रकाशाने पंप केलेला तंतू मंद निळसर-हिरवा चमकतो. दोन आयनांनी मिळून सोडलेला तो एक प्रकाशकण असतो.

पुढील टप्प्याविषयी एकाहून अधिक स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. पहिल्यानुसार, एकत्रित ऊर्जेमुळे ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन यिटर्बियमकडे जातो आणि मागे राहिलेली रिकामी जागा अ‍ॅल्युमिनियमलगतच्या ऑक्सिजनपाशी अडकून रंगकेंद्र तयार होते. दुसऱ्यानुसार, तंतू घडविताना काचेत राहिलेली ऑक्सिजनची उणीव हे मूळ कारण असून अशी स्थाने आपला इलेक्ट्रॉन सहज गमावतात. तिसरे स्पष्टीकरण अशुद्धीकडे बोट दाखविते. यिटर्बियममध्ये थुलियमचा अत्यल्प अंश राहिला, तर थुलियमचे आयन यिटर्बियमकडून टप्प्याटप्प्याने ऊर्जा घेऊन अतिनील प्रकाश निर्माण करतात आणि तो प्रकाश काचेवर आघात करतो. ही कारणे परस्परविरोधी नाहीत. काचेची घटना व शुद्धता यांनुसार त्यांचे वजन कमीअधिक होते.

उपाय पहिला : काचेची घडण

कारणांच्या या विवेचनातून उपायांच्या दिशा आपोआप स्पष्ट होतात. पहिला उपाय आयनांचे पुंजके मोडण्याचा. सिलिकामध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मिसळल्यास यिटर्बियमच्या आयनांना विखरून राहण्यास जागा मिळते. ही पद्धत दीर्घकाळ प्रचारात आहे. मात्र केवळ अ‍ॅल्युमिनियमने काळवंडणे पुरेसे थांबत नाही.

दुसरा उपाय फॉस्फरसचा. फॉस्फरसयुक्त काचेत इलेक्ट्रॉन विस्थापित करण्यास लागणारी ऊर्जा अधिक असते. म्हणून अशा तंतूंचे काळवंडणे फारच कमी असते. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. फॉस्फरसच्या सान्निध्यात यिटर्बियमची प्रकाश शोषण्याची व उत्सर्जित करण्याची क्षमता घटते. शिवाय गाभ्याचा अपवर्तनांक वाढतो. गाभा व आवरण यांच्या अपवर्तनांकांत फार अंतर पडल्यास मोठ्या गाभ्याच्या तंतूत एकसंध झोत राखणे कठीण जाते.

या अडचणीवर रसायनशास्त्राने एक सुरेख तोड काढली आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फरस समप्रमाणात मिसळल्यास काचेत त्यांची जोडी जमते. या जोडीची रचना सिलिकाशी मिळतीजुळती असते. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे अपवर्तनांक वाढवीत असला, तरी जोडीचा अपवर्तनांक सिलिकाच्या जवळपासच राहतो आणि काळवंडण्याला प्रतिकारही मिळतो.

तिसरा उपाय सेरियमचा. २००९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी यिटर्बियमसोबत सेरियम मिसळलेल्या तंतूंचे काळवंडणे पुष्कळ कमी होते, असे दाखविले. सेरियमचा आयन धन तीन आणि धन चार या दोन प्रभारावस्थांत सहज राहू शकतो. काचेत मोकळ्या झालेल्या धन प्रभाराच्या रिकाम्या जागेला तो आपला इलेक्ट्रॉन देतो आणि विस्थापित इलेक्ट्रॉनही सामावून घेतो. त्यामुळे रंगकेंद्र तयार होण्यापूर्वीच हिशेब मिटतो. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणाऱ्या कक्षांच्या खिडक्या काळवंडू नयेत म्हणून त्यांच्या काचेत सेरियम मिसळण्याची पद्धत फार जुनी आहे. एका क्षेत्रातील ज्ञान दुसऱ्या क्षेत्राच्या कामी कसे येते, याचे हे बोलके उदाहरण होय. सेरियमनेही अपवर्तनांक वाढतो. म्हणून त्याचे प्रमाण जपून ठरवावे लागते.

उपाय दुसरा : लेझरची आखणी

काच तीच ठेवूनही आखणी बदलून काळवंडणे कमी करता येते. वर सांगितलेला चार ते सात हा घातांक येथे अभियंत्याच्या मदतीला येतो. उत्तेजित आयनांचे प्रमाण निम्मे केले, तर काळवंडण्याचा वेग सोळाव्या भागापासून एकशे अठ्ठाविसाव्या भागापर्यंत खाली येतो. हे प्रमाण कमी करण्याचे अनेक मार्ग आहेत. पंप प्रकाश तंतूच्या एकाच टोकाकडून न सोडता दोन्ही बाजूंनी किंवा अनेक ठिकाणी विभागून सोडता येतो. यिटर्बियमची मात्रा कमी ठेवून तंतू अधिक लांब घेता येतो. वर्धकात प्रवेश करणाऱ्या मूळ लेझर प्रकाशाची शक्ती वाढविल्यास आयन उत्तेजित अवस्थेत फार काळ अडकून राहत नाहीत.

आणखी एक मार्ग म्हणजे पंप प्रकाशाची तरंगलांबी बदलणे. डायोडच्या प्रकाशाने प्रथम १०१८ नॅनोमीटरचे लहान फायबर लेझर चालवावयाचे आणि त्यांच्या प्रकाशाने मुख्य तंतूला पंप करावयाचे, अशी ही दुपदरी योजना आहे. १०१८ नॅनोमीटरचा प्रकाश आयनांना उत्तेजित करतो, तसाच उत्तेजित आयनांना खालीही आणतो. त्यामुळे त्यांचे प्रमाण अल्पच राहते. शिवाय १०१८ वरून १०७० नॅनोमीटरवर येताना केवळ ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते. २००९ मधील १० किलोवॅटचा टप्पा याच पद्धतीने गाठला गेला होता. मात्र प्रत्येक मार्गाला मर्यादा आहेत. तंतू लांब केल्यास इतर अनिष्ट प्रकाशीय परिणाम बळावतात आणि दुपदरी योजनेत यंत्रणा गुंतागुंतीची व खर्चिक होते.

काळवंडलेली काच पुन्हा उजळते का ?

रंगकेंद्रे कायमची नसतात. तंतू काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास अडकलेले इलेक्ट्रॉन मुक्त होऊन स्वस्थानी परततात आणि काच पुन्हा पारदर्शक होते. पण एवढ्या तापमानात तंतूवरील पॉलिमरचा लेप जळून जातो. त्यामुळे ही पद्धत प्रयोगशाळेत उपयुक्त असली, तरी कारखान्यातील यंत्रासाठी व्यवहार्य नाही. अतिनील किंवा दृश्य प्रकाश सोडूनही रंगकेंद्रे अंशतः नष्ट करता येतात. तंतूत हायड्रोजन किंवा ऑक्सिजन वायू मुरविण्याचे प्रयोगही झाले आहेत. रोग झाल्यानंतरच्या या उपचारांपेक्षा रोग होऊ न देणारी काच घडविणे अधिक श्रेयस्कर, असाच एकंदर अनुभव आहे.

भारताच्या दृष्टीने महत्त्व

या विषयाचा राष्ट्रीय विकासाशी संबंध काय, याचा विचार आता करावयास हवा. लेझर यंत्राची बाहेरची चौकट, शीतकरण आणि नियंत्रण यंत्रणा देशात जोडता येणे हे आत्मनिर्भरतेचे पहिले पाऊल होय. परंतु त्या यंत्राचे आयुष्य कशाने ठरते, तर तंतूच्या गाभ्यातील काचेने. ती काच घडविण्याची विद्या नसेल, तर जुळणी करणारा देश मूळ गुणवत्तेबाबत परावलंबीच राहतो.

अशा तंतूची निर्मिती सिलिकाच्या नळीपासून सुरू होते. नळी फिरत असताना तिच्यात सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ व ऑक्सिजन सोडून बाहेरून ज्योतीने तापवितात. आतील पृष्ठभागावर सिलिकाचा सच्छिद्र थर बसतो. तो यिटर्बियम व अ‍ॅल्युमिनियम यांच्या क्षारांच्या द्रावणात भिजवून, वाळवून व तापवून घट्ट केला जातो. नळी मिटवून भरीव कांडी करतात आणि सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवून तिच्यापासून तंतू ओढतात. द्रावणाची मात्रा, सच्छिद्र थराची जाडी, ऑक्सिजनचे प्रमाण आणि तापमान यांपैकी कशातही चूक झाली की पुंजके व ऑक्सिजनची उणीव काचेत कायमची राहते. तिची फळे शेकडो तासांनंतर शक्तिक्षयाच्या रूपाने भोगावी लागतात.

भारतात या विद्येचा पाया घातला गेलेला आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या कोलकाता येथील केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांनी युक्त प्रकाशीय तंतूंवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात यिटर्बियमवर आधारित फायबर लेझर विकसित करण्यात आले आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे ३० किलोवॅट श्रेणीच्या लेझर शस्त्रप्रणालीचे यशस्वी प्रात्यक्षिक केले. मोठ्या शक्तीच्या लेझरची गरज जसजशी वाढेल, तसतसे दीर्घकाळ न काळवंडणाऱ्या तंतूचे मोलही वाढेल.

खनिजांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मनवलाकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळूवर आयआरईएल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी काम करते. या वाळूत मोनाझाइट हे खनिज असते. मोनाझाइटमध्ये सेरियमसारखी हलकी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये विपुल असतात. यिटर्बियमसारखी जड मूलद्रव्ये मात्र अत्यल्प असतात. तरीही तंतूसाठी लागणारे यिटर्बियम इतके थोडे असते की, खरी अडचण साठ्याची नसून शुद्धतेची आहे. आवर्तसारणीत थुलियमचा अणुक्रमांक ६९, तर यिटर्बियमचा ७० आहे. शेजारी असलेल्या या दोन मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे आहेत की, त्यांना पूर्णतः वेगळे करणे जिकिरीचे ठरते. थुलियमचा अल्प अंशही काळवंडण्यास हातभार लावू शकतो, हे लक्षात घेता शुद्धीकरणाचे तंत्र हा या साखळीतील महत्त्वाचा दुवा ठरतो.

आणखी एक मुद्दा खरेदीदारांसाठी आहे. लेझर घेताना साधारणतः पहिल्या दिवसाची शक्ती आणि किंमत यांची तुलना होते. वस्तुतः ठराविक हजार तासांच्या वापरानंतर शक्ती किती उरेल, झोताची गुणवत्ता किती टिकेल आणि तंतूची काळवंडण्याविषयीची चाचणी कशी घेतली आहे, ही माहिती अधिक मोलाची आहे. कर्जावर यंत्र घेणाऱ्या लघुउद्योजकासाठी तर हा हप्ते फिटण्यापूर्वी यंत्र थकते की नाही, असा रोकडा प्रश्न असतो. शासकीय निविदांमध्ये आणि उद्योगांच्या करारांमध्ये आयुष्यभराच्या कामगिरीचे निकष स्पष्टपणे नमूद झाल्यास चांगली काच घडविणाऱ्या देशी उत्पादकालाही न्याय मिळेल.

समारोप

प्रकाशजन्य शक्तिक्षयाच्या या अभ्यासातून काही निष्कर्ष हाती येतात. यिटर्बियमचे उत्तेजित व परस्परांनिकट आयन आपली ऊर्जा एकवटून काचेत रंगकेंद्रे निर्माण करतात, हे त्याचे मुख्य कारण होय. शक्तीत होणारी घट थोडी दिसली, तरी वाढणारी उष्णता आणि झोताचे अस्थैर्य हे त्याचे खरे दुष्परिणाम होत. अ‍ॅल्युमिनियम, फॉस्फरस व सेरियम यांची योग्य योजना, शुद्ध कच्चा माल, ऑक्सिजनचे काटेकोर नियंत्रण आणि उत्तेजित आयनांचे प्रमाण मर्यादित ठेवणारी आखणी हे त्यावरील उपाय होत.

हा विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, खनिजविज्ञान आणि औद्योगिक धोरण यांच्या सीमेवर उभा आहे. म्हणूनच स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो एका शाखेच्या चौकटीत न पाहता समग्रतेने समजून घ्यावा. यंत्र जोडण्याचे कौशल्य काही वर्षांत मिळविता येते. पदार्थ घडविण्याची विद्या मात्र प्रयोगशाळांतील दीर्घ, चिकाटीच्या कामातूनच साध्य होते आणि अशा कामाला सातत्याने पाठबळ देणे हे विज्ञाननीतीचे कर्तव्य ठरते.